अंडी खाऊन सभागृहात गेलेले तुर्क

24 सप्टेंबर 2005. इस्तंबूलच्या बिल्गी विद्यापीठाच्या दारात निदर्शकांची गर्दी. आत जाणाऱ्या प्राध्यापकांवर आणि श्रोत्यांवर अंडी, टोमॅटो फेकले जात होते, ‘गद्दार’ म्हणून ओरडलं जात होतं. आत विषय काय होता? साम्राज्याच्या अखेरच्या काळातले उस्मानी आर्मेनियन, म्हणजे 1915 साली त्यांचं काय झालं. बोलणारे कोणी युरोपियन पाहुणे नव्हते. तुर्कस्तानचेच अभ्यासक आपल्याच देशाच्या इतिहासावर बोलायला जमले होते.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. आज ती काढायचं कारण म्हणजे जून 2025 मध्ये आर्मेनियाचे पंतप्रधान निकोल पाशिन्यान इस्तंबूलला येऊन राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांना भेटले. दोन्ही देशांची सरहद्द 1993 पासून बंद आहे, ती उघडण्याची बोलणी चालू आहेत. व्यापार, रस्ते, रेल्वे यावर बोलणं होतं. 1915 वर मात्र दोघेही जपून बोलतात. दुसरं कारण आपल्या घरातलं. आपली मुलं शिकायला बाहेर जातात, तिथल्या विद्यापीठात असल्या विषयावर तुर्क अभ्यासकाचं जाहीर व्याख्यान असतं. मुलगा फोनवर विचारतो, अब्बा, जाऊ का? आणि ज्या घरात ‘अर्तुग्रुल’ मालिका सगळ्यांनी रात्र रात्र जागून पाहिली, तिथून उत्तर येतं, कशाला? मुस्लिम देशाची बदनामी ऐकायला?

आमचं म्हणणं, जरूर जावं.

त्या 2005 च्या परिषदेची हकीकत पाहा. ती मे महिन्यात बोआझिची विद्यापीठात व्हायची होती. आदल्या दिवशी कायदामंत्री जमील चिचेक संसदेत म्हणाले की हा राष्ट्राच्या पाठीत खंजीर आहे. परिषद पुढे ढकलली गेली. सप्टेंबरमध्ये पुन्हा ठरली, तर इस्तंबूलच्या एका न्यायालयाने ती थांबवली. त्या आदेशात नाव होतं बोआझिची आणि साबान्जी विद्यापीठांचं. बिल्गीचं नव्हतं, म्हणून लोक बिल्गीत जमले. गंमत म्हणजे त्या वेळी खुद्द पंतप्रधान एर्दोआन यांनी न्यायालयाच्या आदेशावर नाराजी दाखवली होती. युरोपियन युनियनशी बोलणी सुरू व्हायला दहाच दिवस उरले होते, हे कारण असेलही. पण सभा झाली, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

तिथे बोलणाऱ्यांत ‘आगोस’ या वर्तमानपत्राचे संपादक ह्रांट दिंक होते. आर्मेनियन वंशाचे, पण तुर्कस्तान सोडायला तयार नसलेले. 19 जानेवारी 2007 ला त्यांच्याच कचेरीसमोर 17 वर्षांच्या पोराने त्यांना गोळ्या घातल्या. जनाज्याला लाखभर माणूस रस्त्यावर होता, हातात फलक ‘आम्ही सगळे ह्रांट, आम्ही सगळे आर्मेनियन’. त्या गर्दीत बहुतेक मुसलमानच होते. मारेकरी नोव्हेंबर 2023 मध्ये तुरुंगातून सुटला.

आता मूळ मुद्दा. 1915 मध्ये अनातोलियातल्या आर्मेनियन लोकांना घरातून काढून सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेलं गेलं. किती मेले यावर वाद आहे. इतिहासकारांचे आकडे सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. तुर्कस्तान सरकारचं म्हणणं असं की ही युद्धातली हानी होती, भूक आणि रोगराई होती, आर्मेनियन टोळ्या रशियाला मिळाल्या होत्या, मुसलमानही मारले गेले. यात खोटं सगळंच नाही. 1912-13 च्या युद्धात बाल्कनमधून लाखो मुसलमान उघडेबोडके हाकलले गेले होते, आणि त्यांच्या दुःखावर युरोपात फार कमी लोक रडले. पण एका जुलमाने दुसरा जुलूम माफ होत नाही. गावच्या गाव बायकापोरांसकट रस्त्यावर काढलं, ते कोणत्या टोळीत होते?

या अभ्यासकांनी उस्मानी कागद उघडले तेव्हा त्यात नकार देणारे मुसलमान अधिकारीही सापडले. कोन्याचे वाली जलाल बे यांनी आपल्या प्रांतातून आर्मेनियनांना हाकलायचं टाळलं, त्यांना पदावरून काढलं गेलं. कुटाह्याचे फैक अली बे यांनीही हुकूम मानला नाही. लिजेचे काइमकाम हुसेन नेसिमी यांना तर बोलावून घेऊन वाटेत ठार केलं. युद्ध हरल्यावर 1919 मध्ये इस्तंबूलच्याच लष्करी न्यायालयाने तलत, अन्वर आणि जमाल पाशांना त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. म्हणजे तुर्कांचा हिशेब पहिल्यांदा तुर्कांनीच मागितला होता. ‘मुसलमानांची बदनामी’ म्हणून आपण सभागृहाचं दार लावलं, तर जलाल बे आणि हुसेन नेसिमीही बाहेरच राहतात. मग आपल्या वाट्याला उरतो फक्त तलत पाशा.

आपल्या बुजुर्गांचंही यात नाव येतं. त्या काळात मुंबईत खिलाफत कमिटी उभी होती, मालेगावचे आपले लोक 1921 च्या प्रकरणात फासावर गेले. कत्तलीच्या बातम्या इंग्रजांच्या पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून येत, आणि इंग्रज तर तुर्कांशी लढत होता. त्यामुळे विश्वास बसणं कठीण होतं. तरीही मौलाना मुहम्मद अली 1920 मध्ये शिष्टमंडळ घेऊन लंडनला पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना भेटले, तेव्हा त्यांनी विषय झटकला नाही. चौकशी आंतरराष्ट्रीय करा, आमचाही माणूस तिच्यात घ्या, अशी मागणी केली. खिलाफतीसाठी तुरुंग भोगलेला माणूस चौकशीला घाबरला नाही.

आजच्या तुर्कस्तानात 2005 सारखी सभा भरवणं सोपं राहिलेलं नाही. 2016 मध्ये कुर्द प्रश्नावर शांततेच्या पत्रकावर सही केलेल्या कित्येक प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. 2021 मध्ये बोआझिचीवर राष्ट्राध्यक्षांनी वरून रेक्टर नेमला, विद्यार्थी महिनोन् महिने आंदोलन करत राहिले. त्यामुळे असे अभ्यासक आता परदेशातल्या सभागृहांत जास्त भेटतात, आणि आपली मुलं तिथेच त्यांना ऐकतात. प्रश्नोत्तरात एखादा उठून ‘तू किती पैसे घेतलेस’ असं विचारतोच. त्यालाही ऐकून घ्यावं. पण आधी व्याख्यान पूर्ण ऐकावं.

वाचायचं असेल तर फेतिये चेतिन यांचं 2004 सालचं आजीवरचं छोटं पुस्तक सगळ्यात सोपं. आजीचं नाव सेहर. मुसलमान घरातली, नातवंडांना वाढवलेली बाई. म्हातारपणी तिने नातीला जवळ घेऊन सांगितलं की आपलं पहिलं नाव हेरानुश. लहानपणी त्या वाटेवर आईच्या हातातून तिला हिसकावून घेतलं होतं, आणि आईवडील पुढे अमेरिकेत पोचले. इतकी वर्षं नातीला पत्ता नव्हता. हीच नात पुढे ह्रांट दिंक यांच्या कुटुंबाची वकील म्हणून कोर्टात उभी राहिली.