पुराची शिदोरी

आमचा बुलढाणा जिल्हा काळ्या दगडाचा. लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला बेसाल्ट. त्यावर आकाशातून धोंडा आदळला तेव्हा लोणारचं सरोवर झालं. पण पाण्यानं विरघळवून गुहा करायची तर चुनखडी लागते. आपल्याकडे दगड पोखरायला छिन्नीच हवी, म्हणून शेजारी अजिंठा आहे. पाण्याची कारागिरी बघायला शेगावहून रायपूर, पुढं केशकालचा घाट ओलांडून थेट बस्तर गाठावं लागतं.

जगदलपूरजवळचं कांगेर खोरं १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं. कोटमसरची गुहा तिथलीच. पन्नासच्या दशकात शंकर तिवारी यांनी तिचा धांडोळा घेतला. तोंड इतकं अरुंद की पोट सुटलेल्यांनी आडवंच व्हावं. आत दमट उकाडा, घसरडी माती आणि छताला लोंबणारे चुन्याचे सुळके. वाटाड्यानं दिवा वर धरला की सगळे त्यांत महादेवाची पिंड शोधू लागतात. बघण्यासारखं खरं तर पायाशी, डबक्यात असतं.

तिथला मासा बोटाएवढा, फिकट, डोळे कातडीखाली दडत चाललेले. आणि गंमत म्हणजे ही जात मूळ ओळखली गेली ती पुण्यात! फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली तिकडच्या माशावरून तिचं वर्णन केलं, नाव दिलं कर्नल इव्हेझार्ड यांचं. पुण्याकडचे भाऊबंद चांगले डोळस, रंगाचे. बस्तरच्या शाखेनं दोन्ही सोडलं. काळोखात कोण कोणाला बघतंय? भिंतीवरचा रातकिडा लांबलचक मिशांनी चाचपडत जातो. त्याच्या शास्त्रीय नावात तिवारींचा 'शंकर' आहे.

आमच्यातल्या एकानं माशावर मोबाइलचा झोत धरला. आंधळाच तो, त्याला काय कळतंय, असा युक्तिवाद. पण कळतं. प्रयोगांत हे मासे उजेड टाळताना आढळलेत.

आत हिरवं पान उगवत नाही. मग खायचं काय? वटवाघळांची विष्ठा, आणि पुरानं आत लोटलेला पालापाचोळा, काटक्या, किडे. म्हणजे पावसाळ्यात गुहा आपल्याला बंद असते, नेमकी तेव्हाच तिथं वर्षाची बेगमी होते. तिकिटाच्या खिडकीशी एक काका विचारत होते, जुलैत आलो तर गर्दी कमी असेल ना? वाटाड्या हसला. म्हणाला, "तेव्हा आत पाणी असतं, साहेब."