पसंतीक्रम कोणाच्या पसंतीचा?

बारावीचा आणि पाठोपाठ सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांतील वातावरण पालटते. पेढे वाटून होतात, आप्तेष्टांचे दूरध्वनी येऊन जातात आणि मग सुरू होते ती महाविद्यालयांच्या नावांची जुळवाजुळव. शेजारच्या काकांनी सुचविलेले एक, मामाच्या मुलाने शिकलेले दुसरे, रस्त्यावरच्या भव्य फलकावर पाहिलेले तिसरे. बघता बघता ही यादी पन्नास-साठ नावांवर जाते आणि अखेरच्या दिवशी नेट कॅफेत बसून, संकेतस्थळ मंदावलेले असताना, घाईघाईने भरली जाते. ज्या निर्णयावर मुलाची चार वर्षे आणि वडिलांची आयुष्यभराची बचत अवलंबून आहे, त्याला आपण लग्नाच्या हॉलच्या निवडीइतकाही वेळ देत नाही, ही कटू वस्तुस्थिती आहे.

अभियांत्रिकीचेच उदाहरण घेऊ. 1983 साली महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. त्याआधी पुण्याचे 1854चे अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबईची 1887ची व्हीजेटीआय, सांगलीचे 1947चे वालचंद अशी मोजकीच नावे होती आणि निवडीचा प्रश्नच फारसा उद्भवत नव्हता. आज प्रश्न नेमका उलटा आहे. जागा उदंड आहेत, पण प्रत्येक जागा घेण्याजोगी नाही. म्हणूनच निवडण्यापेक्षा वगळण्याची कला शिकणे अधिक निकडीचे झाले आहे.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. ‘पहिल्या क्रमांकावर मिळण्याजोगे महाविद्यालय टाकावे, नाहीतर हातचेही जाते’ असे अनेक पालक समजतात. केंद्रीभूत प्रक्रियेत तसे होत नाही. गुणवत्ताक्रमानुसार प्रत्येक विद्यार्थ्याची यादी वरून खाली वाचली जाते आणि जी पहिली जागा त्याच्या क्रमांकाला उपलब्ध असेल ती त्याला मिळते. वरचा पर्याय हुकला म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. उलट, नावडते महाविद्यालय केवळ ‘सुरक्षित’ म्हणून वर टाकणे हाच खरा धोका आहे. 2025-26च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादा आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर तो प्रवेश बंधनकारक होता. पुढच्या फेरीची वाट तेथेच बंद होत होती. नियम दरवर्षी बदलू शकतात. त्यामुळे चालू वर्षाची माहितीपुस्तिका घरातील एका तरी व्यक्तीने अथपासून इतिपर्यंत वाचली पाहिजे. पण तत्त्व एकच आहे. क्रम हा आवडीचा असावा, भीतीचा नसावा.

मग यादी आखूड कशी करावी? पहिली चाळणी घरच्या ऐपतीची. विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क 2015च्या कायद्यान्वये स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. तो आकडा पाहावा आणि त्यात वसतिगृह, खानावळ व प्रवास यांची बेरीज करून चाराने गुणावे. जुलै 2024च्या शासननिर्णयानुसार, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातील जागेला ती नाही. हे ठाऊक नसल्याने एखाद्या हुशार कन्येचे शिक्षण घराजवळच्या सुमार महाविद्यालयात अडकून पडावे, हे आपणा सर्वांनाच लाजिरवाणे आहे.

दुसरी चाळणी गतवर्षीच्या अखेरच्या पर्सेंटाइलची. ते आकडे महाविद्यालय, शाखा आणि प्रवर्गनिहाय जाहीर होतात. आपल्या क्रमांकाच्या थोडी वरची, बरोबरीची आणि थोडी खालची अशा तीन गटांत नावे विभागली की अर्धी यादी आपोआप गळते.

तिसरी चाळणी दर्जाची, आणि येथे डोळे उघडे हवेत. ‘नॅक’ची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, तर ‘एनबीए’ची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला. यंत्र शाखेला मान्यता आहे म्हणून संगणक शाखेलाही असेल असे मानू नये. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘नॅक’च्या तपासणी समितीतील सदस्यांनाच लाचप्रकरणी केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली होती, हेही विसरता येत नाही. श्रेणी हा पुरावा आहे, पण तो एकमेव पुरावा नव्हे. नोकऱ्यांच्या जाहिरातीत एका विद्यार्थ्याला मिळालेले सर्वोच्च पॅकेज मोठ्या अक्षरांत छापतात. पालकांनी विचारावे ते मध्यम वेतन, आणि एकूण किती मुलांना नोकरी लागली ते. ‘एनआयआरएफ’साठी संस्थांनी स्वतः सादर केलेल्या माहितीत हे आकडे असतात. ते जाहिरातीशी ताडून पाहावेत.

यानंतर जी दहा-बारा नावे उरतील, त्यांतील निदान तीन-चार ठिकाणी प्रत्यक्ष जावे. प्रवेशद्वाराची कमान पाहू नये, प्रयोगशाळेतील यंत्रांवरची धूळ पाहावी. ग्रंथालय सायंकाळी किती वाजता बंद होते ते विचारावे. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाच्या टपरीवर गाठून, ‘सर तासाला येतात का?’ एवढा साधा प्रश्न करावा. माहितीपत्रकात न सापडणारे उत्तर तेथे मिळते.

आणि या साऱ्यात ज्याला शिकायचे आहे त्याचे म्हणणे ऐकावे. आपली अपुरी राहिलेली स्वप्ने मुलाच्या पर्यायअर्जात भरण्याचा अधिकार पालकांना नाही. मुलांनीही मित्रांची यादी उतरवून घेण्याचा आळस टाकावा. वडीलधाऱ्यांनी मार्ग दाखवावा, खर्चाचे वास्तव स्पष्ट सांगावे आणि अखेरचा क्रम मुलाच्या हाताने लिहू द्यावा.

ज्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तेथे हे सांगणार कोण? येथेच कार्यकर्त्याचे काम सुरू होते. प्रत्येक वस्तीत निकालानंतरच्या आठवड्यात दोन संध्याकाळी शिकलेल्या तरुणांनी माहितीपुस्तिका घेऊन बसावे. सत्काराच्या शाली आणि स्मृतिचिन्हांपेक्षा एका मुलीची यादी नीट लावून देणे ही अधिक टिकाऊ सेवा आहे. गुणवंतांचे कौतुक आपण दरवर्षी करतो. यंदा त्यांच्याशेजारी बसूया.