डिसिप्लिन म्हणजे धपाटा नव्हे!

मैत्रिणींनो, 'आमच्याकडे डिसिप्लिन फार कडक हं!' असं हळदीकुंकवाला आपण किती कौतुकानं सांगतो, नाही? मीही सांगायची. पण परवा वर्गात हा शब्द समजावून द्यायचा म्हणून शब्दकोश उघडला आणि चपापलेच.

लॅटिनमध्ये 'डिस्केरे' म्हणजे शिकणे. त्यातूनच डिसायपल, म्हणजे शिष्य, आणि डिसिप्लिन, म्हणजे शिकवण. म्हणून तर विद्याशाखेलाही इंग्रजीत डिसिप्लिनच म्हणतात. शिक्षेचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. आपण मात्र नेमका तेवढाच उचलला!

गेल्या महिन्यात धाकट्याच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं. महिनाअखेर, त्यात सकाळची घाई. दिला मी एक धपाटा! रात्री चादर बदलताना गादीखाली गणिताचा पेपर सापडला. वीसपैकी सहा. विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "तू मारशील म्हणून ठेवला." म्हणजे माझ्या डिसिप्लिननं त्याला काय शिकवलं? तर लपवायला!

शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं मनाई आहे. वर्गात चाळीस मुलांपुढे मी हात आवरते, मग घरी एकासमोर का आवरू नये?

तेव्हापासून घरात काही गोष्टी ठरवल्यात. नियम मोजकेच, पण ते आईबाबांनाही लागू. जेवताना मोबाइल नको, तर कुणालाच नको. दूध सांडलं तर आरडाओरडा न करता हातात फडकं द्यायचं; पुसता पुसता पातेलं कसं धरावं तेही कळतं. मूल चूक कबूल करायला आलं तर आधी पूर्ण ऐकून घ्यायचं. आणि राग अनावर झालाच, तर आपणच दोन मिनिटं गॅलरीत जाऊन उभं राहायचं. लाड करा असं मी म्हणत नाही हं. 'नाही' म्हणजे नाहीच, पण ते शांतपणे सांगायचं.

सासूबाई म्हणाल्या, "अशानं पोर डोक्यावर बसेल." मलाही धाकधूक होतीच. पण गेल्या आठवड्यात पुढचा पेपर मिळाला. वीसपैकी सात! मात्र या खेपेला त्यानं तो दप्तरातून काढून स्वतः माझ्या हातात दिला. "आई, भागाकार पुन्हा शिकव ना," म्हणाला.

हीच खरी डिसिप्लिन, नाही का?