यंत्राला मुंगी दिसत नाही



हिंगण्याच्या आमच्या घरी नातवाने गालिचा साफ करणारा रोबो बनवला. प्लास्टिकचा डबा, आत आर्डुइनो, दोन चाकांना दोन मोटारी, कचरा ओढायला १२ व्होल्टचा पंखा. समोर दोन डोळे: एकातून ध्वनिलहर सुटते, भिंतीवर आपटून दुसऱ्यात परत येते, की स्वारी वळते. झालरीत चाक गुंतते ते सोडा. पोराचे कौतुक मलाही आहे.

पण भिशीत एक जण म्हणाली, "बरं झालं, झाडण्याचा दोष आता यंत्राला. आपण ४८ मिनिटं निवांत सामायिक करायचं." हे मला मुळीच पटले नाही. मी बी.कॉम. आहे, खर्च दुसऱ्याच्या नावावर टाकला म्हणून आपल्या खात्यातून सुटत नाही. आणि आपल्याकडे तर खाती तीन: कृत, कारित, अनुमोदित. बटण कोणी दाबले?

त्या डोळ्यांना भिंत दिसते, मुंगी नाही. आषाढात मुंग्या अंडी तोंडात धरून गालिच्याच्या कडेने चालतात. डबा उघडला तेव्हा जाळीला चिकटलेल्या मी स्वतः पाहिल्या. (कामवालीकडून झाडून घेताना तरी आपण कुठे वाकून बघतो म्हणा!)

आता चातुर्मासात आधी गालिचा उलटून बघायचा, मऊ पुंजणीने जीव अलगद बाजूला करायचे, मगच बटण. तो फिरेल तोवर मागे मी.

"मग रोबो कशाला, आजी?"

कंबर वाकत नाही म्हणून रे, बाळा.