नकारांतील एक होकार

सन २०२० च्या ऑक्टोबरची १२ वी तारीख आम्हां कुर्लेकरांस विसरतां येणार नाहीं. त्या सकाळीं दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली व लोकलगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. पुढें १ मार्च २०२१ रोजीं राज्याचे तत्कालीन गृहमंत्री श्री. अनिल देशमुख यांनीं सायबर खात्याचा प्राथमिक अहवाल सांगितला. वीजमंडळाच्या संगणकांत संशयित ठिकाणांवरून शिरण्याचा प्रयत्न झाला असावा, असें त्यांत होतें. दुसऱ्याच दिवशीं केंद्रीय ऊर्जामंत्री श्री. आर. के. सिंह यांनीं, कारण मानवी चूक, सायबर हल्ला नव्हे, असें सांगितलें. हा निवाडा करणें आमचें काम नव्हे. परंतु 'प्रयत्न' व 'प्रवेश' या दोन शब्दांत केवढें अंतर आहे, हें आम्हांस नुकतेंच घरीं कळून आलें.

आमच्या पुतण्यानें धंद्यासाठीं लिनक्स प्रणालीवर चालणारा एक संगणक भाड्यानें घेतला आहे. तो असतो दूर. कुर्ल्यांत बसून त्यांत शिरावयाचें तें एसएसएच नांवाच्या वाटेनें. तेथें कोणीं, केव्हां, कोणत्या नांवानें व कोठून दार ठोठावलें, याची वही तो संगणकच लिहितो. उबुंटूमध्यें तिला 'ऑथ डॉट लॉग' म्हणतात, रेड हॅटमध्यें 'सिक्युअर'.

वही उघडतांच 'फेल्ड पासवर्ड' अशा शेंकडों ओळी दिसल्या. कोणी 'रूट' म्हणून आलेला, कोणी 'ॲडमिन' म्हणून. "काका, हें रोजचेंच. यंत्रेंच जगभर दारें ठोठावीत असतात," असें म्हणून तो वही मिटूं लागला. हजेरीपट तपासण्याची आमची जुनी खोड, आम्हीं विचारलें, "इतके परतविले खरे, पण आंत कोणास घेतलें?" त्यानें 'ॲक्सेप्टेड' हा शब्द शोधला, आणि त्याचा चेहरा उतरला. रात्रीं अडीचच्या सुमारास 'टेस्ट' या नांवानें कोणी आंत गेलें होतें! तें खातें त्यानेंच सरावासाठीं उघडलें होतें, व संकेतशब्दही 'टेस्ट' हाच ठेविला होता.

त्यानें तो संगणक तत्काळ बंद केला, सर्व कांहीं नव्यानें बसविलें, संकेतशब्दाऐवजीं किल्लीजोडीची योजना केली, आणि वारंवार चुकणाऱ्यास कांहीं काळ अडविणारा 'फेलटूबॅन' हा रखवालदार नेमला.

भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं, संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचा आदेश संस्थांना दिला. आदेश योग्यच, परंतु जपलेली वही वाचलीही पाहिजे, आणि वाचतांना नकारांच्या गर्दींत लपलेला एक होकार शोधला पाहिजे. चोर शंभर वेळां चुकला तरी त्याचें भागतें; घरधन्याचें एकदां चुकूनही भागत नाहीं.