जेवणाचे पैसे भरलेत, मग हे कशाचे?

अमौसीला माझ्या मामांचे घर आहे. लखनौचे विमानतळ जिथे आहे तीच ही अमौसी. विमानतळाला २००८ साली चौधरी चरणसिंगांचे नाव दिले गेले, मार्च २०२४ मध्ये मोठे नवे टर्मिनल उभे राहिले, शहरातून मेट्रो थेट दारापर्यंत आली. पण रिक्षावाल्याला अजूनही ‘अमौसी’ एवढेच म्हटले की पुरते. मामींनी गच्चीवर पापड वाळत घातले की त्यांच्यावरून विमानाची सावली सरकत जाते. साठी उलटेपर्यंत मामांनी विमान पाहिले ते असे, खालूनच.

मामा मूळचे खानापूर तालुक्यातले, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागातले. त्या भागातली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. मामा चौदाव्या वर्षी लखनौच्या चौकात, सराफ्यात आले. भट्टीशेजारीच झोपायचे आणि मिळेल ते खायचे. पुढे स्वतःची गाळणी झाली, अमौसीत घर झाले. आता दुकान मुलगा बघतो. गल्ल्याची किल्ली मात्र अजून मामांच्या करगोट्याला.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी मी तिकडे गेले, तेव्हा घरात वेगळीच गडबड होती. मामा-मामींच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, सिंगापूरहून निघणाऱ्या बोटीची चार रात्रींची सहल ठरवली होती. स्वतः दोघे, आई-वडील आणि हॉटेल मॅनेजमेंट शिकणारा मुलगा, अशी पाच माणसे. पैसे भरून झाले होते. राहणे, खाणे, करमणूक सगळे त्यात आले होते. आणि त्या संध्याकाळी दादाच्या मोबाईलवर कंपनीचा निरोप आला: बोटीवरच्या खास स्टेक रेस्टॉरंटमध्ये आताच टेबल राखून ठेवा, सवलत मिळेल.

‘‘जेवणाचं पैसं भरल्यात न्हवं?’’ मामांनी विचारले. ‘‘मग हे कशाचं?’’

दादा म्हणाला, ‘‘आप्पा, हे वेगळं. चाळीस वर्षांचं जेवण आहे. मी माझ्या पैशानं देतोय.’’

‘माझ्या पैशानं’ हे शब्द त्याने जरा जोरात म्हटले, हे माझ्या लक्षात आले. मामींच्याही आले असावे, कारण त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. घरखर्चावर सदर लिहिणारी भाची घरात असल्यावर निवाडा दुसऱ्या कोणी करायचा?

मी दोन दिवस मागून घेतले. त्यात जी माहिती जमवली ती आधी सांगते, कारण अशा सहलींना आता आपल्याकडची बरीच कुटुंबे जाऊ लागली आहेत. मुंबईहूनही सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची बोट गोवा, लक्षद्वीपकडे जाते. तिच्यावरही रोजचे जेवण भाड्यात आहे आणि वेगळे पैसे घेणारे उपाहारगृहही आहे. पूर्वी मुंबई-पणजी बोटीवर दशम्या आणि लसणीची चटणी घेऊन बसणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडला नाही.

जेवणाचे पैसे एकदा घेऊन पुन्हा जेवणाचे पैसे मागण्याची ही रीत नवी नाही. १९०५ साली जर्मनीच्या हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीने ‘अमेरिका’ नावाच्या बोटीवर रिट्झ-कार्लटनचे वेगळे उपाहारगृह काढले. गंमत म्हणजे त्याच १९०५ साली लखनौच्या चौकात, मामांच्या आजच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, हाजी मुराद अलींनी कबाबाचे दुकान थाटले. तेच आजचे टुंडे कबाबी. पुढे १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’वरही पहिल्या वर्गासाठी असे पैसे देऊन जेवायचे उपाहारगृह होते. पण त्या काळी कंपनीची एक रीत चांगली होती. संपूर्ण प्रवासभर तिथेच जेवणार असाल, तर मुख्य भोजनगृहातल्या न खाल्लेल्या जेवणापोटी भाड्यात काही पौंडांची सूट मिळे. आज अशी सूट कोणी देत नाही. मोठ्या बोट कंपन्यांच्या एकूण उत्पन्नातला जवळजवळ एक तृतीयांश भाग प्रवासी बोटीवर चढल्यानंतर जो खर्च करतात त्यातून येतो: दारू, जुगार, मालिश, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट आणि हे खास जेवण. तिकीट स्वस्त दिसते ते बऱ्याच अंशी त्यामुळेच.

आता स्टेक म्हणजे काय, हे मामींना सांगताना माझी थोडी तारांबळ उडाली. स्टेक म्हणजे मांसाचा जाड काप, मसाला जवळपास नाहीच, मीठ-मिरी लावून आचेवर भाजलेला. मसाला नाही, वाटण नाही, रस्सा नाही, म्हणजे सगळी मदार मांसावर. जनावराच्या पाठीच्या कण्याखालचा जो स्नायू फारसा काम करत नाही तो सगळ्यात मऊ, म्हणून सगळ्यात महाग. बोटीच्या मुख्य भोजनगृहातही बहुधा स्टेक मिळतो आणि तो भाड्यातच असतो, पण तो पातळ काप आणि कमी प्रतीच्या भागाचा. शिवाय तिथे एका पंगतीला शेकडो माणसे बसतात. एकदम भाजून ठेवलेला काप टेबलापर्यंत येईतो कोमट होतो. जादा पैशात जाड, मऊ काप आणि तुमच्यासाठी त्या क्षणी भाजलेला, एवढा फरक खरोखरच असतो. त्यात फसवणूक नाही.

मामा ऐकत होते. म्हणाले, ‘‘म्हणजे मऊपणाचं पैसं. आन् आमच्या चौकात?’’

त्यांचे म्हणणे खरे आहे. लखनौचा गलौटी कबाब तोंडात ठेवताच विरघळतो. दात पडलेल्या नवाबासाठी तो केला, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. पण तो मऊपणा महागड्या भागातून येत नाही. तो येतो बारीक खिम्यातून, कच्च्या पपईतून आणि कारागिराच्या हातातून.

‘‘आणि हे स्टेक कशाचं असतं?’’ मामांनी नातवाला विचारले.

‘‘बीफ,’’ नातू म्हणाला. शिकतोय त्याच विद्येतले उत्तर त्याने सरळपणे दिले.

आमच्या घरात तो विषय तिथेच संपला. तुमच्या घरात कदाचित संपणार नाही, ज्याची त्याची रीत. पण स्टेक रेस्टॉरंट म्हणजे फक्त तेच, असे नसते. कोकराच्या बरगड्या, सामन मासा, शेवंड, कोंबडी हेही त्याच दरात मिळते. मामा आणि नातू मटण आवडीने खातात. अडचण होती ती मामींची. मामी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरातले मटणाचे भांडेही वेगळे.

आणि हिशेबाची खरी गोम इथे आहे. अशा उपाहारगृहात बहुधा माणशी ठरलेला दर असतो. बोट, तारीख यांप्रमाणे बदलतो, पण पन्नास ते सत्तर डॉलरच्या घरात. त्यावर अठरा ते वीस टक्के सेवाशुल्क. साठ डॉलर धरले, डॉलर पंच्याऐंशी रुपयांना धरला, तरी पाच माणसांचे तीस हजारांच्या वर जातात. त्यात मामींनी काय खायचे? भाजलेला बटाटा, उकडलेली फुलकोबी, मश्रूम आणि पालेभाजीची कोशिंबीर. शाकाहारी माणसाला दर कमी नाही. म्हणजे ज्या बाईसाठी ही मेजवानी, तिने सहा हजार रुपये देऊन बटाटा खायचा आणि बाकीच्यांच्या ताटांकडे बघायचे. मुख्य भोजनगृहात मात्र सिंगापूरच्या बोटींवर भारतीय शाकाहारी जेवण मिळते, तेही भाड्यातच. निघण्यापूर्वी लेखी कळवून ठेवले तर कांदा-लसूण नसलेलेही.

दुसरी एक सोय आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. काही बोटींवर मुख्य भोजनगृहातच, आपल्या नेहमीच्या टेबलावर, खास उपाहारगृहातले एखादेच ताट जादा पैसे देऊन मागवता येते. त्याचे साधारण वीस डॉलर, वर सेवाशुल्क. म्हणजे दोन हजार रुपये. ज्याला हौस आहे त्याचे तेवढे पैसे, बाकीचे आपापले जेवण जेवणार आणि सगळे एका टेबलावर. बहुतेक ठिकाणी रोजच्या यादीतले दोन पदार्थ मागवले तरी जादा पैसे पडत नाहीत, हेही विसरू नये. आणि खास उपाहारगृहातच जायचे असेल तर पहिल्या रात्री किंवा बोट दिवसभर समुद्रात असते त्या दुपारी दर पुष्कळदा कमी असतात. आरक्षण कधीपर्यंत रद्द करता येते ते मात्र आधी विचारून ठेवावे.

हे सगळे मी दोन दिवसांनी सांगितले. वहिनी हिशेबाच्या कागदाकडे बघत होत्या. त्यांना विचारले तर म्हणाल्या, ‘‘मला काही का असेना, भांडी घासायची नाहीत ना?’’ मी निवाडा दिला: पाचांचे टेबल नको. एका रात्री नातवाने आपल्या टेबलावर कोकराच्या बरगड्यांचे एक ताट मागवावे, आजोबांनी त्यातले चाखावे. वाचलेल्या पैशांत सिंगापूरला एक दिवस जास्त राहावे.

मामा खूष झाले. ‘‘सोनं गाळायच्या आधी घट किती जाणार ते बघावं,’’ म्हणाले, ‘‘पोरीनं बरोबर बघितलं.’’

दादा काही बोलला नाही. मोबाईल खिशात टाकला आणि गच्चीवर गेला. मला वाटले, हिशेब त्याला पटला. दुसऱ्या दिवशी मला अमौसीवर सोडायला आला तेव्हाही तो लग्नाचे, हवेचे, धुक्याने उशिरा सुटणाऱ्या विमानांचे बोलत राहिला. आत जाताना एकदाच म्हणाला, ‘‘तुझं बरोबर आहे गं. पण आप्पांना कधी काही दिलं नाही मी. जे दिलं ते दुकानातलंच, म्हणजे त्यांचंच.’’

रांग पुढे सरकत होती. मी ‘असं काही नाही रे’ असे काहीतरी म्हणाले आणि पुढे गेले. विमानात बसल्यावर उमगले की दोन दिवस मी ताटांचा, डॉलरचा, मांसाच्या कापांचा हिशेब केला, पण त्याला हे टेबल कशासाठी हवे आहे ते विचारलेच नव्हते.

सहल होऊन आल्यावर मामींचा फोन आला. बोट आवडली. नऊ मजल्यांवर जाऊन वाऱ्यात बसायच्या, तिथे दोसे मिळायचे. एकादशीला फळांची ताटे भरभरून मिळाली. नातवाने आपल्या टेबलावर ते वीस डॉलरचे ताट मागवले. ते बाकीच्यांचे जेवण उरकल्यावर आले आणि तो एकटा खात असताना चौघे त्याच्याकडे बघत बसले. तेव्हा माझ्या त्या सल्ल्याला अर्धेच गुण.

मग म्हणाल्या, ‘‘शेवटच्या रात्री हे दोघं गेले होते बरं का त्या हाटेलात. बाप-लेक. मीच पाठवलं. आम्ही बाकीची तिघं वर दोसे खाल्ले.’’

मामांनी फोन घेतला. मटण कसे होते, मी विचारले. ‘‘मऊ होतं. पण चव आपल्या विट्याच्या मटणाची न्हाई. तिखट मागितलं तर लाल बाटली आणून ठिवली.’’ थोडा वेळ थांबले. ‘‘टेबल खिडकीपाशी होतं. गलका न्हवता. अडीच तास बसलो. पोरगा बोलला गं. दुकानाचं बोलला, माझ्यामागं काय करायचं ते बोलला. भट्टीपाशी कधी बोलला न्हाई एवढं.’’

गल्ल्याची किल्ली आता दादाकडे आहे, हे मला नंतर वहिनींकडून कळले.

फोन ठेवण्याआधी मामांनी आवाज खाली आणला. ‘‘एक विचारू? बिल त्यानं मला बघू दिलं न्हाई. पालथं घालून सही केली. तू हिशेब केला हुतास न्हवं? किती पडलं आसंल दोघांचं?’’

मी म्हणाले, मामा, मी पाचांचा केला होता, दोघांचा केला नाही.