बिट-बाइट: क्यूआर वाचेना, रांग हलेना



मागच्या महिन्यात ऑफिसात फजिती झाली. सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट डिजिटल सहीसकट ओळखपत्रावर क्यूआर कोडमध्ये छापायचं होतं, म्हणजे नेट नसलं तरी गेटवर तपासता येईल. काम माझ्याकडे. जेसन घेतलं, आरएसए सही केली, बेस६४, मग झिप, वर पुन्हा बेस६४! कोड इतका दाट झाला की स्कॅनर ढिम्म वाचेना आणि सकाळच्या शिफ्टची रांग पार पार्किंगपर्यंत गेली.

सगळ्यात मोठा क्यूआर १७७ × १७७ चौकटींचा. तीन सेंटिमीटरमध्ये छापला तर एक चौकट जेमतेम ०.१७ मिलिमीटर. स्कॅनर बिचारा काय करणार?

मग युरोपियन युनियनच्या २०२१ सालच्या कोविड सर्टिफिकेटचा फॉरमॅट उघडून बसलो. (तुमच्यापैकी काहींनी ते खिशात बाळगलं असेलच.) त्यात फील्डची नावं दोन-तीन अक्षरी. लशीचं लांबलचक नाव नाही, नुसता कोड. जेसनऐवजी बायनरी सीबोर. सही एलिप्टिक कर्व्हची, म्हणजे ६४ बाइट्स. माझ्या आरएसए-२०४८ ची २५६. सही कितीही दाबा, लहान होत नाही, म्हणून ती आधीच लहान निवडायची. हे सगळं झाल्यावर झेडलिब, आणि शेवटी बेस४५.

खरी गंमत इथे आहे. १०० बाइट्सची बेस६४ मध्ये साधारण १३३ अक्षरं होतात, बेस४५ मध्ये १५०. मग बेस४५ का? कारण बेस६४ मध्ये स्मॉल लेटर्स येतात आणि क्यूआर त्यांना प्रत्येकी ८ बिट्स देतो. बेस४५ मध्ये फक्त कॅपिटल्स, आकडे आणि थोडी चिन्हं. तिथे दोन अक्षरं ११ बिट्समध्ये बसतात. हिशोब करा: बेस६४ चे १३३ बाइट्स, बेस४५ चे सुमारे १०३!

हे सगळं केलं, पण सगळ्यात मोठी बचत निराळीच निघाली. मी जन्मतारीख, पत्ता, ब्लड ग्रुप, सगळं कोंबलं होतं. सही असली तरी मजकूर उघडाच असतो. ओळखपत्राचा फोटो काढणारा कोणीही तो वाचू शकतो. गेटवर प्रश्न एवढाच: ट्रेनिंग कोणाचं, कधीपर्यंत चालतं? बाकीचं काढून टाकलं.

आता पहिल्या फटक्यात 'टूं' वाजतं. रांगही नाही, शिव्याही नाहीत.